कॉट बेसिस आणि सायकल: पुण्यात रोज पायडल मारत कॉलेजला कसं जायचं

जून-जुलै आला की गावाकडून कोणाचा तरी फोन येतोच, चुलतभाऊ, त्याचा मित्र, मित्राची बहीण, की दादा पुण्यात ॲडमिशन झालं, रूम कर्वेनगरला बघितलीय, कॉलेज शिवाजीनगरला आहे, तर सायकल घेऊ का आणि कुठली घेऊ. मी म्हणतो कुठली ते नंतर बघू, आधी सांग ती सायकल रात्री झोपणार कुठं. समोरचा हसतो. मी पण हसलो असतो, पण लातूरहून आलो तेव्हा मी सगळं उलटं केलं होतं, पहिल्याच आठवड्यात घरच्यांकडून ११ हजार घेऊन चकचकीत २१ गिअरची सायकल आणली, दोन्हीकडे शॉकॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, आणि रूमवर आल्यावर कळलं की सोसायटीचं पार्किंग फ्लॅटवाल्यांचं, कॉट बेसिसवाल्या, म्हणजे रूममधली एक कॉट भाड्यानं घेतलेल्या पोरांचं नाही. मग काय, रोज तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावर. दोन आठवडे केलं, तिसऱ्या आठवड्यात कंटाळून अभ्यासिकेच्या बाहेर नंबरचं बारीक कुलूप लावून ठेवली आणि रात्री ११ ला खाली आलो तर कुलूपही नाही आणि सायकलही नाही.

त्यानंतर १८०० रुपयांची जुनी काळी सायकल घेतली आणि ती चार वर्षं चालवली. तिच्याकडे चोरानं बघितलं पण नाही. म्हणून खाली जे सांगतोय ते त्या काळ्या सायकलवरून शिकलेलं आहे. जी सायकल बाहेर लावून तुम्हाला वर निवांत झोप लागते ती तुमची सायकल, असा माझा हिशोब, आणि बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आधी दोन जागा बघा

रूम बघायला जाल तेव्हा मालकाला डिपॉझिट, पाणी, वायफाय विचारता तसं सायकल कुठं लावू हे पण विचारा, आणि ते मालकाला विचारून भागत नाही, कारण मालक "लावा की, काय प्रॉब्लेम नाही" म्हणतो आणि राहतो दुसरीकडेच. खरं उत्तर वॉचमनकाका देतात. त्यांना विचारा की काका, सायकल ठेवायला जागा आहे का, आधीची पोरं कुठं ठेवायची. जिन्याखाली, मीटरच्या खोलीशेजारी, पाण्याच्या टाकीमागं अशी एक जागा बहुतेक बिल्डिंगमध्ये असतेच, फक्त ती सेक्रेटरीच्या नजरेआड असते. वॉचमनकाकांना महिन्यातून एकदोनदा चहा पाजा, गावाकडून आलं की थोडे शेंगदाण्याचे लाडू द्या, हा कुठल्याही कुलपापेक्षा स्वस्त बंदोबस्त आहे.

दुसरी जागा कॉलेजची. बऱ्याच कॉलेजात सायकल स्टँड आहे पण तो आता मोपेड आणि बाईकनी भरलेला असतो आणि सायकल मधे घुसवली की चार वाजता ती दोन ॲक्टिव्हांच्या खाली सापडते, हँडल वाकडं, स्पोक तुटलेले. म्हणून एखादं ग्रिल, रेलिंग, झाडाभोवतीचा लोखंडी कठडा असं काहीतरी शोधा जिथं सायकल बांधता येईल, सीसीटीव्ही आणि गेटवरच्या मामांच्या टप्प्यात असेल तर उत्तम. रोज एकाच ठिकाणी लावा, महिन्याभरात मामा तुम्हाला सायकलवरून ओळखायला लागतात आणि कोणी दुसराच हात लावायला लागला तर हटकतात.

या दोन जागा नक्की झाल्या की सायकलचं बजेट आपोआप ठरतं. दोन्हीकडे आत, बंद गेटच्या मागं, तर घ्या हौसेनं नवी. एकही जागा उघड्यावर असेल तर जुनी, साधी, शक्यतो रंग उडालेली.

कुठली घ्यायची

पुण्याची जमीन कशी आहे ते एकदा डोक्यात बसवा म्हणजे गिअरचा प्रश्न सुटतो. मुठा नदी सगळ्यात खाली, तिच्यापासून जसजसं लांब जाल तसा चढ. स्वारगेटवरून कात्रजकडे निघालात तर सातारा रोडभर हळूहळू चढच आहे, दिसत नाही पण मांड्यांना कळतो. डेक्कनवरून पाषाण-बाणेरकडं तसंच, कोंढव्याकडं तर विचारूच नका. उलट पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, कर्वे रोड, डीपी रोड हे सगळं बऱ्यापैकी सपाट. तुमचं रोजचं येणं-जाणं या सपाट भागातलं असेल तर बिनगिअरची साधी सायकल पुरते, तिला बिघडण्यासारखं काही नसतंच. भारती विद्यापीठ, पाषाण, बावधन अशा बाजूला रोज जायचं असेल तर मागं ७ गिअर असलेली घ्या. २१ गिअर लागत नाहीत हो, पुढचे तीन बदलायला गेलं की चेन पडते आणि हात काळे.

दोन्हीकडे शॉकॲब्सॉर्बरवाली जाड टायरची सायकल दिसायला भारी असते पण स्वस्तातली असेल तर वजनानं मरते आणि चढावर तुमची अर्धी ताकद ती स्प्रिंग दाबण्यात जाते. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), मध्यम रुंदीचे टायर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर, झालं. मडगार्ड नसलेली सायकल पावसाळ्यात पाठीवर चिखलाची उभी पट्टी काढते, वर्गात सगळ्यांना कळतं कोण सायकलवर आलं.

अजून एक, लेडीज सायकल. मधली नळी खाली असते ती. मुलांना लाज वाटते म्हणून सेकंडहँडमध्ये ती बरेचदा स्वस्त मिळते, आणि कॅरिअरवर बॅग बांधली असताना पाय मागून टाकण्यापेक्षा मधून टाकणं किती सोपं असतं ते एकदा करून बघा. माझा रूममेट तीन वर्षं तीच चालवायचा, पहिला आठवडा पोरांनी चिडवलं, नंतर तेच दूध आणायला मागून न्यायचे.

जुनी घ्यायची तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, शिवाय पास आउट होऊन जाणारे सीनियर मे-जूनमध्ये सायकली विकतात, अभ्यासिका आणि मेसच्या बोर्डावर चिठ्ठ्या असतात. सीनियरकडून घेणं मला जास्त बरं वाटतं कारण माणूस माहितीतला असतो. कुठूनही घ्या पण बिल मागा, बिल नसेल तर निदान विकणाऱ्याकडून कागदावर लिहून सही घ्या, आणि सायकलच्या फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीवर, तो खरवडलेला असेल तर सायकल कितीही छान असली तरी सोडून द्या. तपासायचं कसं तर सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा, रिम एकदा इकडे एकदा तिकडे जात असेल तर चाकात आऊट आहे, तो निघतो, घाबरायचं नाही, पैसे कमी करून घ्यायचे. मग चाक हातात धरून आडवं हलवा, कट-कट वाजलं तर कोन-बॉल्सचं, म्हणजे चाकाच्या मधल्या छऱ्यांचं काम आहे. पुढचा फोर्क बाजूनं बघा, मागं गेलेला वाटला तर ती सायकल कुठंतरी जोरात धडकलेली आहे, ती घ्यायची नाही. जोडांवर रंगाला बारीक तडा दिसला तरी नाहीच.

ॲटलस दिसली तर माझ्यासारखा भावूक होऊ नका. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता. जुन्या २२ इंची देशी सायकलचे पार्ट मात्र अजून कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळतात, ते एक बरंय.

घेतल्या घेतल्या सायकल दुकानात टाकून एकदा ओव्हरहॉल, म्हणजे सगळी खोलून साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या, नवे ब्रेकचे रबर, नव्या केबल. ब्रेकमध्ये कंजुषी नको. आणि सीटची उंची स्वतः लावा, नव्वद टक्के पोरं सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे छातीला लागतात आणि मग म्हणतात सायकलनं गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना पंज्यानं दाबलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा.

कुलूप

नंबरचं केबलवालं कुलूप म्हणजे शोभेची वस्तू, साध्या कटरनं तुटतं. माझं त्यानंच गेलं. जाड साखळी किंवा यू-लॉक घ्या. बांधताना नुसतं चाक बांधू नका, फ्रेम आणि मागचं चाक मिळून रेलिंगला. पुढचं चाक नुसतं हातानं पात उघडून निघणारं असेल तर दुकानातून साधा नट बसवून घ्या, शहरात तसलं सोयीचं चाक चोराच्याच सोयीचं असतं. सायकलचा एक पूर्ण फोटो, फ्रेम नंबरचा एक फोटो आणि बिलाचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा, पोलिसात तक्रार द्यायला गेल्यावर "चकचकीत होती साहेब" एवढ्यावर काही होत नाही, मी सांगतो ना.

रस्ता

मॅप जो रस्ता दाखवतो तो बाईकचा असतो, सायकलचा आपला आपण शोधायचा, आणि शोधायचा रविवारी सकाळी. दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन बघा, घड्याळ लावून. सायकलचा शहरातला वेग सिग्नल धरून तासाला १२ ते १५ किलोमीटर पडतो, म्हणजे सहा-सात किलोमीटरला साधारण अर्धा तास. आणि गंमत म्हणजे संध्याकाळी सहा वाजता पण अर्धाच तास, तेव्हा बाईकवालेच तुमच्या मागं असतात.

माझा रस्ता उदाहरण म्हणून सांगतो. कर्वेनगरवरून राजाराम पुलाकडं, तिथून डीपी रोडनं म्हात्रे पुलापर्यंत, मग एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्यांतून गरवारे कॉलेजच्या आसपास कर्वे रोडला लागायचं, खंडोजीबाबा चौक, डेक्कन, गुडलक चौक आणि मग एफसी, म्हणजे फर्ग्युसन रोड. येताना जेएम, म्हणजे जंगली महाराज रोड, कारण एफसी डेक्कनवरून शिवाजीनगरकडं वन-वे आणि जेएम तिकडून डेक्कनकडं वन-वे, जोडी चांगली जमते. वर नळस्टॉपची गर्दी पूर्ण टळते. फक्त डीपी रोडला सगळी लग्नाची लॉन्स आहेत, त्यामुळं लग्नसराईत संध्याकाळी सात ते नऊ तिथं वरात, घोडा, डीजे, फटाक्यांचा कचरा आणि निम्म्या रस्त्यात लावलेल्या गाड्या. त्या महिन्यात मी सरळ आतून जायचो. एकदा वरातीत अडकलो तर एका मामांनी हातात पेढा ठेवला, तो भाग वेगळा.

पेठांत राहत असाल आणि डेक्कनला यायचं असेल तर झेड ब्रिज, तो दुचाकींचाच असल्यामुळं चारचाकी आणि बस नाही. भिडे पूल पण सोयीचा आहे, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद, त्यामुळं जुलै ते सप्टेंबर निघायच्या आधी बातमी बघा. आणि पाणी "थोडंसंच" वाहतंय म्हणून सायकल घालायची नाही, घोट्याएवढं वाहतं पाणी पण चाक ओढून नेतं. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड सगळे वन-वे, आणि सायकलला वन-वे लागत नाही असं पुण्यात बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. लागतो. उलट्या बाजूनं येणारी सायकल गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला दिसतच नाही कारण तो दुसरीकडं बघत असतो.

सायकल ट्रॅकबद्दल विचाराल तर आहेत, काही चांगलेही आहेत, पण कुठं मधेच विजेचा डीपी बॉक्स, कुठं पाणीपुरीची गाडी, कुठं पार्क केलेली बुलेट, आणि ट्रॅक संपतो तिथं अर्धा फूट पायरी. जिथं मोकळा आहे तिथं वापरा, बाकी ठिकाणी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चला. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, आमचे घरमालक काका सांगायचे की सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं की पोलीस हवा सोडायचा. ते ऐकत ऐकत मी भाड्याची मुदत दोन दिवस पुढं ढकलून घ्यायचो.

गणपती विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चार रस्ते विसरून जा, आणि दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रोड पण. सायकल रूमवर ठेवून चालत निघा, त्या दिवशी चालण्यातच मजा आहे.

ट्रॅफिकमध्ये

नवीन माणूस भीतीनं रस्त्याच्या पार कडेला चिकटून चालवतो आणि तिथंच सगळा घोळ असतो, वाळू, काचा, चेंबर, अचानक उघडणारं रिक्षाचं नाही तर कारचं दार. कडेपासून हातभर आत रहा, उभ्या गाड्यांपासून पण दार उघडेल एवढं अंतर सोडा. हळू चाललात तरी सरळ चाला, मागच्याला अंदाज येतो. वेडंवाकडं जाणाऱ्या सायकलला सगळे घाबरतात आणि घाबरलेला माणूस हॉर्न वाजवतो.

पीएमपीची बस स्टॉपला लागत असेल तर बस आणि फुटपाथच्या मधून डावीकडून घुसायचं नाही, कधीच नाही. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि दारातून माणसं धबाधब उतरतात. मागं थांबा, १० सेकंद जातात. रिक्षाचं वेगळं, रिक्षाला डावीकडं प्रवासी दिसला की ती इंडिकेटर न देता तिथल्या तिथं वळते, म्हणून रिक्षाच्या मागं जाताना तुम्ही पण फुटपाथवर हात वर केलेलं कोणी दिसतंय का ते बघायला शिका, महिन्याभरात अंदाज यायला लागतो.

मोठ्या चौकात उजवीकडं वळायचं असेल तर चार लेन कापत मधे जायची काही गरज नाही. सरळ सिग्नलला चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवा, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की पुन्हा सरळ निघा. दोन सिग्नल लागतात पण जीव सुखात. हात दाखवायची सवय लावा. कानात इअरफोन नको, अगदी एका कानात पण नको, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज हाच तुमचा आरसा.

चेंबरच्या जाळ्या बघून चाला, काहींच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच असतात आणि बारीक टायर बरोबर त्यात बसतं. मी असाच एकदा भर चौकात तोंडावर पडलो, हनुवटीला तीन टाके, आणि हेल्मेट रूमवर हुकला लटकलेलं. त्या दिवसानंतर ते हुकला नाही, हँडललाच लटकायचं म्हणजे घातल्याशिवाय सायकल चालवताच येत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं साठलेलं तेल वर येतं, तेव्हा झेब्राचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि वळणं यावर ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. ओल्या रिमवर रबराचा ब्रेक उशिरा लागतो हे पण लक्षात ठेवा, दोन-तीन वेळा हलका दाबून रिम पुसून घ्या. पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे ते कोणालाच माहीत नसतं, टाळा.

रात्री मागं लाल दिवा पाहिजेच, चार्जिंगचा छोटा मिळतो, आणि पुढं पांढरा. पुढचा रस्ता दिसण्यासाठी कमी आणि तुम्ही लोकांना दिसण्यासाठी जास्त. कुत्री मागं लागली तर जोरात पळवायची नाही, वेग कमी करा, उतरा, सायकल मधे धरून चालत जा, बहुतेक वेळा त्यांचा इंटरेस्ट संपतो.

पंक्चर, हवा, तेल

हे जरा तपशीलात सांगतो कारण यातच पोरं सायकल सोडून देतात. आठवड्यातून एकदा हवा भरा, बास, अर्धी पंक्चर तिथंच टळतात. टायरच्या बाजूला किती हवा भरायची तो आकडा पीएसआयमध्ये लिहिलेला असतो, त्याच्या मधल्या अंदाजानं भरा, मागच्या चाकात थोडी जास्त कारण वजन तिकडं असतं. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर समजायचं की खिळा नव्हता, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चावली.

देशी सायकलच्या व्हॉलमध्ये, म्हणजे हवा भरायच्या तोंडात, एक बारीक रबरी नळी असते. ती कुजली की रोज सकाळी चाक बसलेलं, आणि आपण रोज पंक्चर शोधतोय. दोन-चार रुपयांचं काम आहे. व्हॉलवर थुंकीचा थेंब लावा, बुडबुडा आला तर नळी बदला, ट्यूबला हात लावू नका. तुमचा व्हॉल मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर पण हवा भरता येते, पण तिथलं मशीन सायकलसाठी नसतं, थोडी-थोडी भरा आणि अंगठ्यानं दाबून बघत रहा, नाहीतर फटाका.

सोबत ठेवायचं सामान म्हणजे पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपरचा तुकडा, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, हातपंप आणि १५ नंबरचा पाना. चाक काढायची गरज नाही, पंक्चरवाले पण काढत नाहीत. सायकल उलटी करा, टायर सावकाश फिरवून खिळा किंवा काटा दिसतोय का बघा, दिसला तर तिथं पेननं खूण करा, मग काढा. उरलेली हवा सोडा, टायर दोन्ही बाजूनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला म्हणजे ते सैल होतं, लिव्हरनं एकच बाजू बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. हवा भरा, भोक सापडत नसेल तर ट्यूब गालाजवळून फिरवा, हवा लागते. पाणी असेल तर बुडबुडे बघा.

भोकाभोवती पॅचपेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, पुसा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि आता थांबा. इथंच सगळे चुकतात, ओल्या सोल्युशनवरच पॅच दाबतात आणि तो सरकतो. चार-पाच मिनिटं, चमक जाऊन बोटाला जेमतेम चिकटेल एवढं वाळू द्या, मग पॅच ठेवून दगडानं, चावीनं, कशानंही जोर लावून दाबा. तेवढ्यात टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा अजून आत असेल तर फडकं अडकतं. बाभळीचा काटा टायरमध्ये राहिला आणि वर नवा पॅच लावला की दोनशे मीटरवर परत तेच. ट्यूब आत घालताना थोडीशी हवा भरून घाला म्हणजे पीळ पडत नाही, आणि टायरचा शेवटचा भाग अंगठ्यानंच बसवा, तिथं लिव्हर वापरला की ट्यूब पुन्हा फाटते. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, पाचव्यांदा पंधरा मिनिटं. कॉलेजला उशीर होत असेल तर अर्थातच गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडं जा, पण तो रात्री दहाला आणि दिवाळीत नसतो.

चेनला तेल शिलाई मशीनचं, पातळ. गाडीचं वापरलेलं ऑइल फुकट मिळतं म्हणून घालू नका, धूळ चिकटून काळी पेस्ट होते. आणि खोबरेल तर अजिबात नको, माझ्या रूममेटनं घातलं होतं आणि डिसेंबरच्या सकाळी चेनवर पांढरं तूप गोठलेलं. पावसात भिजून आलात की रात्री चेन जुन्या बनियननं पुसा, कडी-कडीवर थेंब टाका, पायडल उलटं फिरवा, जास्तीचं पुसून टाका. पाच मिनिटं. नाही केलं तर सकाळी चेन गंजून लाल आणि करकर आवाज अख्ख्या बिल्डिंगला.

घाम, बॅग, कपडे

पाठीवर बॅग घेतली की पाठ ओली होणारच, ती कॅरिअरवर बांधा. बांधायला सायकलची जुनी ट्यूब, पंक्चरवाल्याकडून फुकट मिळते, लांब पट्ट्या कापून घ्या, विकतच्या इलॅस्टिकपेक्षा घट्ट धरते. लॅपटॉप मात्र पाठीवरच, कॅरिअरचे हादरे त्याला नको. पॅन्टचा उजवा पाय रबरबँडनं बांधा नाहीतर चेनला जातो, ओढणी असेल तर गाठ मारून आत खोचा, मागच्या चाकात गेली की गळ्याला फास बसतो, हे गंमतीत घेऊ नका.

दहा मिनिटं आधी पोहोचा, तोंड धुवा, ओल्या नॅपकिननं अंग पुसा, कोरडा टीशर्ट बदला. शेवटचा अर्धा किलोमीटर मुद्दाम हळू चालवा, घाम खरा थांबल्यावर फुटतो. पावसाळ्यात पोंचो नको, वाऱ्यात शीड होतं, जॅकेट आणि पॅन्टवाला रेनकोट घ्या, पायात सँडल, आणि मोजे बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच पिशवीत सीटवर घालायला अजून एक पिशवी ठेवा, भिजलेल्या सीटवर बसून लेक्चरला जाण्याची वेळ एकदाच येते, मग माणूस आपोआप पिशवी ठेवतो. मार्च ते मे पाण्याची बाटली पूर्ण भरून, आणि दुपारी साडेबारा ते चार शक्यतो लायब्ररीतच बसा, तेवढाच अभ्यास होतो.

मेसच्या वेळेचा पण विचार करा. सायकलवर भूक जास्त लागते, अमर्यादित थाळीवाली मेस लावा. आमच्या खाणावळीच्या काकू सातवी चपाती मागितली की आधी बाहेर बघायच्या, सायकल उभी दिसली की काही न बोलता वाढायच्या.

सुट्टीत गावी जाताना

महिनाभर दिवाळीला किंवा उन्हाळ्यात जाणार असाल तर चाकांत नेहमीपेक्षा जरा जास्त हवा भरा, चेनला तेल द्या, सीटवर पिशवी, आणि कुलपाची एक चावी रूमवर राहणाऱ्या कोणाकडं तरी द्या, कारण सोसायटीत रंगकाम निघतं आणि बांधलेली सायकल हलवता येत नाही म्हणून कुलूप तोडतात. वॉचमनकाकांना तारीख सांगून जा. परत आल्यावर लगेच उडी मारून निघू नका, आधी ब्रेक दाबा, हवा बघा, व्हॉलची नळी बघा.

आणि पुणं सोडून जाल तेव्हा सायकल भंगारात घालू नका. मी माझी काळी १५०० ला एका फर्स्ट इयरच्या पोराला दिली, फ्रेम नंबर लिहून, सही करून, साखळीच्या दोन्ही चाव्यांसकट. पैसे देताना तो विचारत होता गिअर नाहीत का. मी त्याला म्हटलं आधी सांग, रूम कुठं घेतलीयस.